गड पाहताना आधी पाणी पाहावे



पावसाळा ओसरला की शनिवार-रविवारी नसरापूर फाट्यापासून आत गाड्यांची रांग लागते. कुणी राजगडाला निघालेले असते, कुणी तोरण्याला, तर कुणी भोरवरून रोहिडा, केंजळगड आणि रायरेश्वराकडे. आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतीही त्यात असतात, आणि सकाळची मिस्सा चुकवून गेलेले कोण हे आम्हाला बरोबर समजते! गंमत सोडून देऊ. 11 जुलै 2025 रोजी पॅरिस येथे मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांतील 11 महाराष्ट्रातील असून बारावा तमिळनाडूतील जिंजी आहे. आपल्या परिसरातील राजगड या बारांमध्ये आहे. त्याआधी मार्च 2024 मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. म्हणजे येणाऱ्यांची गर्दी आता वाढणार, कमी होणार नाही. तेव्हा गड पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, याचा थोडा अभ्यास आज आपण करणार आहोत.

पुष्कळ लोक गडावर जातात ते उंची मोजायला. माची, बुरूज, नेढे यांच्यासमोर फोटो काढतात, जयघोष करतात आणि उतरतात. यात वाईट काही नाही. परंतु गड ही मुळात लढण्याची नव्हे, तर राहण्याची जागा आहे, हे त्यातून निसटते. लढाई वर्षानुवर्षांतून एखादे वेळी होई. स्वयंपाक मात्र रोज होई. राजगड हे सुमारे पंचवीस वर्षे राजधानीचे ठिकाण होते. 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाईंचे निधन तेथे झाले, 24 फेब्रुवारी 1670 रोजी राजाराम महाराजांचा जन्म तेथे झाला, आणि 1666 मध्ये आग्र्याहून सुटून शिवाजी महाराज परतले ते याच गडावर. जेथे माणसे जन्मतात, आजारी पडतात, मरतात आणि घरी परत येतात, त्या जागेला गाव म्हणतात. राजगड हे तटबंदी असलेले गाव होते, आणि गाव पाहायचे तर आधी पाणवठा पाहावा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तटबंदीवरचा एक जुना वाद आमच्या वाचनात आला होता. प्लेटोने ‘कायदे’ या आपल्या संवादात म्हटले आहे की, नगराचे तट जमिनीतच झोपू द्यावेत. कारण भिंत असली की नागरिक आळशी होतात, आणि शत्रूला सीमेवर अडवण्याऐवजी भिंतीमागे लपायला शिकतात. स्पार्टाच्या लोकांना तट नव्हताच, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल मात्र गुरूशी सहमत नाही. ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथाच्या सातव्या भागात तो हा विचार जुनाट ठरवतो. तट असावा, चांगला असावा, असे त्याचे मत. गंमत अशी की तटाविषयी बोलण्याआधी तो पाण्याविषयी बोलतो. नगरात झरे पुरेसे नसतील तर पावसाचे पाणी साठवण्यासाठी मोठी टाकी बांधावीत, म्हणजे युद्धात बाहेरचा संबंध तुटला तरी आत पाणी संपणार नाही. आणि सगळे पाणी सारखे चांगले नसेल तर पिण्याचे वेगळे आणि वापरायचे वेगळे ठेवावे.

आता दोन हजार वर्षे ओलांडून आपल्या सह्याद्रीत या. रामचंद्रपंत अमात्य हे छत्रपतींच्या राज्यकारभारात मुरलेले गृहस्थ. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर एक मोठे प्रकरण आहे. ॲरिस्टॉटलचे नाव त्यांनी ऐकले असेल असे मानायला कारण नाही. तरीही त्यांचे सांगणे तेच. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात. त्यासाठी जास्तीची टाकी राखून ठेवावीत आणि गडाचे पाणी जपून वापरावे. ग्रीसचा विचारवंत आणि मावळातला मुत्सद्दी एकाच ठिकाणी पोहोचतात. आम्हाला तरी यात नवल वाटत नाही, कारण तहान सगळ्यांची सारखी असते.

हे मनात ठेवून राजगड चढावा. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाजातून पद्मावती माचीवर आलात की समोरच पद्मावती तलाव दिसतो. बहुतेक जण तेथे तोंड धुतात आणि पुढे जातात. थोडे थांबा. हा तलाव दरवाजाच्या इतका जवळ का? माचीवरची सदर, अंबरखाना, दारूकोठार, पद्मावती देवीचे मंदिर, सईबाईंची समाधी हे सारे त्याच्या आसपास कसे मांडले आहे? मग बालेकिल्ल्यावर जा. कातळात पकडून चढायची ती वाट आणि महादरवाजा पार केला की वर चंद्रतळे आणि पाण्याची टाकी आहेत. खालच्या तिन्ही माच्या शत्रूच्या हाती गेल्या तरी वरच्यांना काही काळ तग धरता यावा, याची ती सोय. संजीवनी माची तर अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आणि तीन टप्प्यांत उतरत गेलेली. तिच्या तटालगतही ठिकठिकाणी पाण्याची टाकी आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाला तहान लागली म्हणून पहारा सोडून पद्मावतीला यावे लागू नये, इतका विचार त्यात आहे.

तटातच शौचकूपही आहेत. सहलीची मुले ते पाहून हसतात. आम्ही मुलांना सांगतो, हसा, पण पाहून घ्या. पहाऱ्यावरच्या साध्या शिपायाची एवढी काळजी घेणारा बांधकाम करणारा कोण असेल? त्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. टाकी खोदणाऱ्या पाथरवटांचीही नावे माहीत नाहीत. छिन्नीच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत.

बांधणीची हुशारी पाहायची तर तीही संजीवनी माचीवरच पाहावी. तेथे तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत, आतली भिंत आणि दोहोंमध्ये अरुंद पोकळी. बुरुजांनाही असेच बाहेरून दुसरे कवच, म्हणून त्यांना चिलखती बुरूज म्हणतात. तोफेने बाहेरची भिंत पडली तरी शत्रू आत येतो तो त्या चिंचोळ्या पोकळीत, आणि वरून मारा सुरू होतो. दरवाजांचेही तसेच. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, असे ‘आज्ञापत्र’ सांगते. राजगडाला पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा आणि आळू दरवाजा असे मोठे दरवाजे आहेत, शिवाय चोरदरवाजा आणि लहान दिंड्या आहेत.

येथे भूमध्य समुद्रातील एका बेटाची आठवण काढावीशी वाटते. माल्टा हे बेट मोठे नाही, आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान. पण तटबंदीची गावे पाहायला जगातून माणसे तेथे जातात. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला त्याचे नाव नवे नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संत पौलाचे गलबत फुटून ते ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागले, तेच हे बेट. त्याची जुनी राजधानी इम्दिना. टेकडीवर, चहूबाजूंनी तट, आत अरुंद वळणाची गल्ली आणि मधोमध संत पौलांचे कॅथेड्रल. 1693 च्या भूकंपात जुने पडले, त्यानंतर आजचे बांधले गेले. आत राहणारी माणसे आता जेमतेम काही शे. दुसरे गाव व्हॅलेटा. 1565 मध्ये तुर्कांच्या आरमाराने बेटाला वेढा घातला होता. तो उठल्यानंतर संत योहानाच्या नावाच्या सरदारसंघाचे प्रमुख ला व्हॅलेट यांनी 28 मार्च 1566 रोजी या नव्या तटबंदी नगराचा पाया घातला. नगर आखतानाच प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके असलेच पाहिजे, असा नियम करण्यात आला. लोकवस्ती वाढली तेव्हा तेही पुरेना. मग इम्दिनाच्या बाजूच्या उंच भागातील झऱ्यांचे पाणी कमानींच्या पाटाने आणले गेले, आणि 1615 मध्ये ते व्हॅलेटात पोहोचले. राजगडावरच्या टाक्यांजवळ उभे राहून हे आठवले की जग लहान वाटू लागते.

मात्र इम्दिनापासून आम्ही जे शिकलो ते पाण्याहून वेगळे आहे. रोमनांच्या काळी हे नगर खूप मोठे होते. पुढे अरबांच्या अमलात तट आत ओढून घेण्यात आला, नगर आकसले, आणि बाहेर राहिलेल्या भागाला रबात म्हणजे उपनगर हे नाव पडले. आज इम्दिनाला लोक शांत नगरी म्हणतात, आणि खरी वस्ती, दुकाने, शाळा, माणसांची वर्दळ रबातमध्ये आहे. संत पौल जेथे राहिले असे परंपरा मानते ती गुहाही तटाच्या आत नाही, रबातमध्ये आहे. म्हणजे भिंत कोठे घालायची हे ठरवणारा कोण आत आणि कोण बाहेर हेही ठरवत असतो. गड पाहताना पाण्यानंतरचा दुसरा प्रश्न हा. बाहेर कोण होते?

आपल्याकडे याचे उत्तर गावांच्या नावांतच लिहिलेले आहे. भोरजवळच्या रोहिड्याला जायचे तर बाजारवाडीतून चढावे लागते. गडावर शिबंदी, आणि बाजार पायथ्याशी. नावाने तो बाजार आजवर जपला आहे. याच रोहिड्याच्या दरवाजावर एकाच ठिकाणी मराठी आणि फारसी असे दोन्ही लेख कोरलेले आहेत, तेही पाहावेत. राजगडाच्या पायथ्याला पाल खुर्द येथे शिवपट्टण वसले होते. गडाच्या उतारावर जागोजाग मेटे असत. मेट म्हणजे चौकीची वस्ती, आणि तेथे राहून जंगलवाटा राखणारे ते मेटकरी. तटाच्या आतील हवालदार, सबनीस आणि कारखानीस एकमेकांवर नजर ठेवून कारभार करीत. परंतु रात्री झाडीत पान हलले तर ते आधी मेटकऱ्याला कळे. रामोशी, महार, कोळी, बेरड अशा समाजांतील माणसांनी ही बाहेरची राखण पिढ्यान्‌पिढ्या केली. फलकावर त्यांच्यासाठी एखादी ओळ असते, पुष्कळदा तीही नसते. हे आम्हाला खटकते, आणि ते बोलून दाखवायला हवे.

आता एक नाजूक प्रश्न. काही जण विचारतात, फादर, हे गडकोट आपले कसे? विचारणारा कधी बाहेरचा असतो, कधी आपल्यातलाच. यावर थोडे सविस्तर बोलू.

मराठी बोलणाऱ्या कॅथोलिकांचा इतिहास तटाच्या दोन्ही बाजूंना आहे. वसईचा कोट हे आपल्या किनाऱ्यावरचे मोठे तटबंदी नगर होते. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. कोटाच्या आत रस्ते, वाडे, फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन संघांचे मठ आणि चर्चे उभी राहिली. जपानमध्ये नागासाकी येथे 1597 साली हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे मूळ वसईचेच. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तो मराठ्यांच्या पराक्रमाचा मोठा दिवस होता. पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, हेही त्याच घटनेचा भाग. पुढे कोटातील चर्चे ओस पडली आणि त्यांच्या घंटा ठिकठिकाणी गेल्या. त्यांतील एक आपल्यापासून लांब नाही. भोरवरून घाट ओलांडून वाईला उतरले की जवळच मेणवली आहे, नाना फडणवीसांचा वाडा असलेले गाव. तेथे कृष्णेच्या घाटावर मंदिराशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारियामातेची आकृती आणि 1707 हे साल आहे.

ही घंटा पाहिली की एखाद्याच्या मनात कालवाकालव होते, हे आम्ही समजू शकतो. पण ती परत मागावी असे आम्हाला वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती त्या गावाने सांभाळली आहे. वसई घेणाऱ्या फौजेतील मावळ्यांची गावे आणि वसईच्या चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्यांची गावे दोन्ही मराठी बोलत होती. दोघांचेही वंशज आज एसटीच्या एकाच बाकावर बसतात. म्हणून राजगड आपला आहे काय, याचे उत्तर आम्ही असे देतो की, येथल्या पावसावर ज्याचे भात पिकते आणि येथल्या धरणांचे पाणी जो पितो, त्या प्रत्येकाचा तो आहे. तो कुणी कुणाला दान द्यायचा नाही, आणि कुणी कुणाकडून हिरावूनही घ्यायचा नाही.

पाण्यावरूनच आणखी एक सांगायचे राहिले. भाटघर आणि नीरा देवघर ही धरणे भोर तालुक्यात, तर पानशेत आणि गुंजवणी ही वेल्ह्यात. एवढे पाणी या दोन तालुक्यांतून खाली जाते, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथल्या डोंगरावरच्या वाड्यांतील बायका हंडे घेऊन वणवण करतात. ज्यांच्या पूर्वजांनी कातळ फोडून माचीमाचीवर पाणी साठवले, त्यांच्यावर ही पाळी यावी! गडावर जाणाऱ्याने वाटेत दोन बाटल्या जास्त विकत घेण्याऐवजी, खालच्या वाडीत पाणी कोठून येते एवढे तरी विचारावे.

तट काय काय वाचवू शकतो याविषयी फार भोळे राहण्यात अर्थ नाही. 1665 मध्ये पुरंदरच्या तहाने 23 किल्ले द्यावे लागले. महाराजांकडे जे 12 उरले त्यांत राजगड आणि तोरणा होते. तेच दोन्ही 1704 च्या आरंभी औरंगजेबाने वेढा घालून घेतले. तोरणा तर त्याच्या सैन्याला रात्री दोराच्या शिड्यांनी चढून घ्यावा लागला. तीनच वर्षांत, 1707 मध्ये, राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला. माल्टाची कथा याहून लाजिरवाणी आहे. 1565 मध्ये चार महिने वेढा सोसलेल्या आणि त्यानंतर दोन शतके तटावर तट चढवलेल्या त्या बेटाने 1798 च्या जून महिन्यात नेपोलियनपुढे दोन-तीन दिवसांत हात टेकले. भिंती तेव्हा पूर्वीपेक्षा जाड होत्या. प्लेटो हे वाचून नक्कीच मंद हसला असता.

आजचा वेढा निराळा आहे. तो आपणच घालतो. टाक्यांत वेफर्सची पाकिटे आणि प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात. तटावर कुणीतरी खिळ्याने आपले आणि आपल्या प्रियेचे नाव कोरलेले असते. ‘आज्ञापत्रा’त यावरही आज्ञा आहे. गडावर कोठेही केरकचरा पडू देऊ नये. तो गडाखालीही टाकू नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकावी आणि त्यावर भाजीपाला करावा. आंबा, वड, पिंपळ यांसारखी झाडे लावून वाढवावीत आणि कारणावाचून तोडू नयेत. तीनशे वर्षांपूर्वीचा कचरा जाळून राख होत असे. आपला प्लास्टिकचा कचरा जाळला तर विष होते. तेव्हा त्या आज्ञेचे आजचे पालन एकच, म्हणजे वर नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली पाठीवरून खाली आणणे. आपल्या युवक गटांनी चढण्याआधी बाटल्या मोजून घ्याव्यात आणि उतरल्यावर पुन्हा मोजाव्यात. हिशेब जुळला नाही तर ज्याची कमी त्याने परत वर जावे!

ज्यांना गडावरची जिवंत वस्ती पाहायची आहे त्यांनी रायरेश्वरला जावे. तेथे मोठा तट नाही, कडे हाच तट. लोखंडी शिडीने वर गेले की विस्तीर्ण पठार लागते आणि त्यावर जंगम कुटुंबे आजही शेती करून राहतात. वृद्धांनी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी राजगडाचा हट्ट धरू नये. भोर शहरातील राजवाडा आणि नीरेचा घाट पाहावा. पंत सचिवांच्या या संस्थानाकडेच राजगड पुढे दीर्घकाळ होता.

राजगडास जाणाऱ्यांसाठी शेवटी वाटेचे. नसरापूरहून मार्गासनी, साखर असे करीत गुंजवण्यास पोहोचावे. चोरदरवाजाची वाट खडी आहे, तेथे लहान मुलांना पुढे-मागे मोठ्यांनी धरावे, आणि पावसात ती टाळलेलीच बरी. उतरताना मात्र पाली दरवाजाने पायऱ्यांच्या वाटेने उतरावे. ही वाट प्रशस्त आहे, कारण ती पालख्या आणि लवाजमा येण्याजाण्याची होती. पाल खुर्दला पोहोचेपर्यंत दुपार टळून गेलेली असेल. जेवण आधी सांगून ठेवले असेल तर पिठले-भाकरी गरम मिळते. जेवताना घरच्या आजींना गावातली सर्वांत जुनी विहीर कोणती ते विचारावे, आणि निघण्यापूर्वी ती पाहून यावी.